चार फूट तीन बोटं

हातोदच्या रस्त्याला आमचे साडेचार बिघे,
त्यातल्या दोनांत पेरूची सहाशे झाडं.
अप्पांनी ती नऊ-नऊ फुटांवर लावली,
पुस्तकात पंधरा लिहिलं होतं तरी.
मधली जागा काय चाटायचीय, म्हणाले होते.
आता मोठा ट्रॅक्टर आत शिरला
की अर्धा बहर बोनेटवर घेऊन बाहेर येतो.

म्हणून भेरूलालनं सगळ्यात अरुंद ओळ शोधली,
तिथे बांबू आडवा धरला, कोयत्यानं तोडला:
चार फूट, वर तीन बोटं.
बोटं त्याची. माझी धरली तर चार होतील.

ती काठी घेऊन आम्ही दोघी बहिणी,
मी सदुसष्ट, कुंदाताई एकाहत्तर,
देवास नाक्याला निघालो.
रिक्षात काठी मावेना.
कुंदाताईनं ती भाल्यासारखी बाहेर धरली;
विजयनगरच्या सिग्नलला
एका स्कूटरवाल्यानं सलाम ठोकला.
भेरूलाल हातोदहून बसनं आला, आमच्या आधी.

विकणारा मुलगा, सम्यक, फार गोड.
"आंटीजी, पैंतालीस हॉर्स पॉवर लो,
किस्त में बस जरा-सा फर्क."
चहा आला. कागदावर शेव आली.
शेजारच्या शेतातले मंडलोईही हेच म्हणाले होते,
लहान घ्याल तर लोक खेळणं म्हणतील.
कुंदाताई उठली, काठी आडवी केली,
पंचेचाळीसच्या मागच्या चाकांना लावली.
काठी चाकाच्या बरीच अलीकडे संपली.
ती बोलली नाही काही.
तीस वर्षं गणित शिकवलं तिनं, उत्तर चुकलं
की अशीच मुलाशेजारी नुसती उभी राहायची.

निळा काठीत बसला,
पण त्याची मागचीच दोन चाकं ओढणार;
आणि आमची काळी माती भादव्यात
पायातली चप्पल ठेवून घेते, परत देत नाही.
नारिंगी चारही चाकांनी ओढतो,
साडेसातशे किलो उचलतो,
त्याचा मेकॅनिक मात्र उज्जैनला.
उज्जैनला मी महाकाळासाठी जाईन, भेरूलाल म्हणाला,
फॅनबेल्टसाठी नाही.

मागच्या भिंतीला एक होता,
चोवीस हॉर्स पॉवरचा, सीटवरचं प्लॅस्टिक फाटलेलं.
भेरूलाल त्याच्याखाली पाठीवर सरकला.
टाचा तेवढ्या बाहेर, भेगांत शेतातली माती.
बराच वेळ आवाज नाही.
मग टाचांकडून प्रश्न आला:
"बाई सा, इणके चलावेगा कुण?"

हे आम्ही ठरवलंच नव्हतं.
तोच चालवणार, असं धरलेलं,
बटण दाबलं की पंखा फिरणार, तसं.
तो बाहेर आला, डावा डोळा बाहीनं पुसला.
म्हणाला, यातून एका ओळीच्या दोन दिसतात.
कोणत्या ओळीत शिरू?

कुंदाताईनं माझ्याकडे बघितलं.
तिचा गुडघा, माझा पाय.
बावन साली जन्मलेल्या बाईनं
पदर खोचला आणि पायरीवर पाय ठेवला.

क्लचला चार बोटं कमी पडत होते मी.
या वेळी बोटं माझी.
सम्यक म्हणाला, हे सीट असंच येतं.
भेरूलालनं खाली हात घालून खटका ओढला,
सीट पुढे आलं, एक घर, मग आणखी एक.
दाबून बघितला. जड.
जुन्या कोठीची कडी उघडावी, तेवढा जड.

चाकांना काठी लावायची राहिलीच होती.
कुंदाताईनं नंतर लावली: एक बोट उरलं.
कुणाचं बोट, ते तिनं सांगितलं नाही.

गुरुवारी येणार आहे.
रात्री रामबागेत, जेवताना,
कुंदाताई टेबलाखाली वाकून बघते,
कसला आवाज येतोय म्हणून.
काही नाही, म्हणते मी,
आणि डावा पाय वर आणते,
सावकाश.
झटक्यानं सोडला तर बंद पडतो.